गोल्फ न खेळता गोल्फमध्ये करिअर? (भाच्यासाठी विचारतोय)

पिंपळपान
मंडळी, प्रश्न घरगुती आहे. माझा भाचा यंदा बारावी झाला. दाजी आर्मीत, त्यामुळे पोराचं लहानपण कॅन्टोन्मेंटमध्ये गेलं आणि तिथं गोल्फ कोर्स असतोच, फी पण परवडते, तर तो नवव्या वर्षापासून खेळतोय. हँडिकॅप 6, हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला म्हणे. आम्हाला वाटलं आता हा प्रो होतो म्हणणार, त्या भांडणाची तयारी करून बसलो होतो. तर पठ्ठ्या म्हणतो, मामा मी खेळायला पुरेसा चांगला नाहीये, मला गोल्फ चालवायचंय. स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायचं आणि पुढेमागे कमिशनर व्हायचं, म्हणजे गोल्फच्या स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेचा प्रमुख. ताईनं मला फोन करून विचारलं, "अरे हा पोलिसात जातो म्हणतोय का?"
मी त्याला म्हटलं असं कोण झालंय एक नाव सांग. त्यानं डीन बीमन हे नाव सांगितलं आणि म्हणाला आधी वाच मग बोलू. मला गोल्फमधलं टायगर वुड्स सोडून काही कळत नाही. कोणाला माहिती आहे का या माणसाबद्दल? आणि असं खरंच करिअर असतं का?

चहाटळ
मला पण आधी पोलीस आयुक्तच वाटले. नाहीतर मनपाचे. म्हटलं खड्डे बुजवायची सवय असेल तर गोल्फमध्ये काय करणार, तिथं तर 18 मुद्दाम ठेवलेत.

नाशिकची_द्राक्षं
आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान आहे. क्रिकेटच्या मॅचेस होतात, रणजी पण होते, सकाळी लोक फेऱ्या मारतात. गोल्फ तेवढं दिसत नाही. म्हणजे गोल्फ न खेळता गोल्फ चालवण्यात नाशिक आधीपासून पुढे आहे.

निवृत्त_बँकर
पिंपळपान, भाचा हुशार आहे. नाव बरोबर काढलंय त्यानं.
बीमन वॉशिंग्टनचा, जन्म 1938. हौशी खेळाडू म्हणून पहिल्या फळीतला, 1959 ला ब्रिटिश अमॅच्युअर, 1960 आणि 1963 ला यूएस अमॅच्युअर जिंकला. पण पोटापाण्याला विम्याचा धंदा करायचा. प्रो झाला 1967 ला. लहानखुरा माणूस, बॉल लांब जायचा नाही, दुसरे जिथं आयर्न काढायचे तिथं हा वुड (लांब पल्ल्याची काठी) काढायचा, पण पटिंग (होलजवळचे शेवटचे हलके फटके) असं की समोरच्याला घाम फुटावा. पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या प्रो खेळाडूंच्या स्पर्धा चालवणारी संघटना) चार स्पर्धा जिंकला. 1969 ला यूएस ओपन एका स्ट्रोकनं (फटक्यानं) हुकली.
आणि मग 1 मार्च 1974 ला, 35 व्या वर्षी, चालू करिअर सोडून टूरचा कमिशनर झाला. 35 म्हणजे गोल्फमध्ये काही म्हातारपण नाही हो. 20 वर्षं बसला त्या खुर्चीवर. आला तेव्हा सगळ्या टूरची वर्षाची बक्षिसं मिळून सुमारे 80 लाख डॉलर होती, गेला तेव्हा साडेपाच कोटींच्या पुढे.
मी बँकेत आयुष्य घालवलं, मला खेळापेक्षा हा आकडा कसा वाढला यात जास्त रस होता. गंमत अशी आहे की तेव्हा टीव्हीवाले गोल्फ दाखवायला नाखूश असायचे, जाहिराती विकल्या जायच्या नाहीत म्हणून. बीमननं काय केलं, कंपनीला सांगितलं स्पर्धेला तुमचं नाव देतो पण प्रक्षेपणातल्या जाहिरातींचा वाटाही तुम्हीच आधी विकत घ्यायचा. म्हणजे टीव्हीचा धोका गेला, टूरला हक्काचे पैसे आले आणि कंपनीला चार दिवस नाव मिळालं. विमा विकलेला माणूस, धोका कोणाच्या गळ्यात घालायचा ते त्याला बरोबर कळायचं :)

टी_टाइम
बँकरकाकांना +१. एक भर घालतो. बीमन पहिला कमिशनर नाही. 1968 पर्यंत टूर हा पीजीए ऑफ अमेरिकेचाच भाग होता, आणि ती संघटना मुळात क्लबात शिकवणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या प्रोंची. स्पर्धा खेळणारे म्हणाले आमच्या टीव्हीच्या पैशाचा हिशोब तुम्ही का ठेवता, आणि फुटून निघाले. 1969 ला जो डे कमिशनर झाले, ते यूएसजीएमधले (अमेरिकेत गोल्फचे नियम ठरवणारी संघटना), शिस्तीचे, नियमांचे माणूस. बीमन दुसरा.
आणि कंपन्यांच्या नावाबद्दल, त्याआधी स्पर्धांना बिंग क्रॉस्बी, अँडी विल्यम्स असल्या गायक-नटांची नावं असायची. बीमनच्या काळात ती हळूहळू गेली. क्रॉस्बीची पेबल बीचची स्पर्धा 1986 पासून एटी अँड टीची झाली. जुन्या लोकांना वाईट वाटलं होतं.

चहाटळ
गणपती मंडळाचं पण तसंच झालंय. आधी मंडळाचं नाव मोठं असायचं, आता कमानीवर बिल्डर मोठा आणि बाप्पा शोधायला लागतो.

फ्लोरिडाची_माई
अरे वा, आमच्या गल्लीतला विषय! मी जॅक्सनव्हिलजवळ राहते आणि दर मार्चला प्लेयर्स चॅम्पियनशिपला (टूरची स्वतःची मोठी स्पर्धा) व्हॉलंटियर असते. (हो, फुकट. वर युनिफॉर्मचे पैसे आपणच भरायचे. नवरा म्हणतो पैसे देऊन उन्हात उभी राहणारी तू एकटीच. एकटी कसली, हजारो असतात.)
बीमनचं खरं स्मारक बघायचं तर इथं या. टीपीसी सॉग्रास हे मैदान. त्याला टूरचं स्वतःच्या मालकीचं मैदान हवं होतं, कारण तोवर प्लेयर्स स्पर्धा फिरतीवर होती, 1974 ला पहिली अटलांटाला झाली, निकलस जिंकला, मग टेक्सास वगैरे करत इथं आली. शेजारचा क्लब विकत मिळेना, तेव्हा पाँटे वेड्रा बीचच्या जमीनमालकांनी त्याला 415 एकर जागा दिली. किंमत 1 डॉलर! जागा म्हणजे निव्वळ दलदल, साप, मगरी. मालकांचा हिशोब सरळ होता, मैदान झालं की आजूबाजूच्या जमिनीला भाव येणार. आला. आम्ही घर घेतलं तेव्हा तो भाव आम्हीच भरला.
पीट डाय या डिझायनरनं कोर्स बांधला, 1980 ला उघडला. 17 नंबरच्या होलचं बेट जगात प्रसिद्ध आहे ना, ते मुळात बेट नव्हतंच ठरलेलं. दलदलीत चांगली वाळू फक्त तिथं सापडली, ती उपसून उपसून सगळ्या कोर्सला वापरली आणि शेवटी राहिला मोठा खड्डा. डायची बायको ॲलिस म्हणाली मग पाणीच भरा आणि मधे ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ) ठेवा. 137 यार्ड फक्त. मी तिथं उभी असते तेव्हा जगातले भले भले खेळाडू पिशवीतून काठी काढतात, परत ठेवतात, परत काढतात.

सदाशिव_पेठी_नाही
1 रुपयात जागा आणि मग शेजारच्या प्लॉटला भाव... हे मॉडेल आपल्याकडे फार जुनं आहे, फक्त शेवटी गोल्फऐवजी शिक्षणसंस्था निघते.

पिंपळपान
माई, बँकरकाका, खूप आभार. भाच्याला लिंक पाठवली. पण एक शंका. खेळाडूच साहेब झाला म्हटल्यावर बाकीचे खेळाडू खूश असतील ना? त्यांच्यातलाच माणूस.

टी_टाइम
खूश?? हाहाहा.
1982 ला या नव्या मैदानावर पहिली प्लेयर्स झाली, खेळाडू कोर्सवर भयंकर चिडलेले, ग्रीन्स फार उंचसखल, बॉल थांबेना. जेरी पेट जिंकला, केशरी बॉलनं खेळून. जिंकल्यावर त्यानं बक्षीस समारंभाच्या आधी 18 व्या होलशेजारच्या तळ्यात बीमनला ढकललं, मग पीट डायला ढकललं, मग स्वतः सूर मारला. टीव्हीवर. लोकांनी हसून घेतलं पण बऱ्याच खेळाडूंच्या मनातलंच त्यानं केलं होतं.
पुढच्याच वर्षी खरं बंड. निकलस, पामर, वॉटसन असे मोठे मोठे एकत्र आले. तक्रार अशी की टूर मैदानं बांधते, स्वतःचं मार्केटिंग करते, मग त्याच कंपन्यांकडे आम्ही जातो तेव्हा आमच्याशीच स्पर्धा करते.

बेरकी
यात निकलस आणि पामरचा स्वतःचा मैदानं डिझाइन करायचा धंदा होता हे पण सांगा की टी_टाइम. आपलं दुकान असलं की शेजारचं दुकान अनैतिक वाटतं.

टी_टाइम
सांगणारच होतो. पण तक्रार अगदीच खोटी नव्हती. संघटना खेळाडूंची, आणि तीच खेळाडूंच्या गिऱ्हाईकाला गाठते, हे बरोबर का?

निवृत्त_बँकर
बरोबर की चूक ते तुम्ही कुठल्या नंबरचे खेळाडू आहात त्यावर अवलंबून. निकलसला टूरची गरज नव्हती, टूरला निकलसची होती. पण 90 व्या नंबरच्या खेळाडूला कोण कंपनी विचारते? बीमननं काम केलं त्या 90 व्या माणसासाठी. 1983 च्या आधी फक्त वर्षाच्या कमाईत पहिल्या 60 जणांना आणि आधी जिंकलेल्यांना जागा नक्की असायची. बाकीचे सोमवारी पात्रता फेरी खेळायचे, हरले की गाडी काढायची आणि पुढच्या गावी पुढचा सोमवार. त्यांना रॅबिट्स म्हणायचे, ससे. 1983 पासून पहिल्या 125 जणांना वर्षभराची जागा मिळाली. शिवाय किती स्पर्धांत कट (निम्म्या स्पर्धेनंतर मागच्यांना घरी पाठवतात तो टप्पा) पार केला त्यावर पेन्शन. 1980 ला पन्नाशीच्या पुढच्यांसाठी सीनियर टूर, 1990 ला उमेदवारांसाठी बेन होगन टूर, आज ज्याला कॉर्न फेरी टूर म्हणतात. याला मी कारभार म्हणतो. (आणि सीनियर टूरवर पामरनं नंतर मजेत खेळून घेतलं बरं का.)

बेरकी
सोमवार वाचून थांबलो.
माझे बाबा मुंबईतल्या एका क्लबात कॅडी होते. नाव नको. शेजारच्या वस्तीतली निम्मी पोरं तिथंच कामाला. बॅग खांद्यावर घ्यायची, साहेबाचा बॉल कुठं गेला ते त्याच्याआधी बघून ठेवायचं आणि साहेब चुकला तर वारा होता म्हणायचं. सोमवारी कोर्स बंद, त्या दिवशी कॅडींना खेळायला परवानगी. बाबांकडे एकच काठी होती, कोणीतरी टाकलेली, 7 नंबरची आयर्न. त्या एकाच काठीनं ते पूर्ण 18 होल खेळायचे, पट सुद्धा तिनंच. आमच्याकडे सोमवारी मटण असायचं, म्हणजे बाबा कॅडींच्या पैजेत जिंकले तर. नाहीतर वरणभात.
दिल्लीचा अली शेर असाच कॅडी होता, 1991 ला त्यानं इंडियन ओपन जिंकली तेव्हा बाबांनी वस्तीत पेढे वाटले होते. आई म्हणाली तुमचा कोण लागतो तो. म्हणाले सोमवारवाला आहे.

फ्लोरिडाची_माई
बेरकी, काय लिहिलंत. यावर वेगळा धागा काढा, खरंच.

नाशिकची_द्राक्षं
+१००. मघाचा माझा जोक मागे घेतो.

वकीलीणबाई
बेरकी यांच्यानंतर कोर्टाचं लिहायला नको वाटतंय पण भाच्याला या करिअरमध्ये काय वाढून ठेवलंय ते कळू दे. बीमनच्या कारकिर्दीतलं सगळ्यात महाग प्रकरण म्हणजे खाचा. हो, खाचा. काठीच्या तोंडावर ज्या रेषा कोरलेल्या असतात त्या. पिंग कंपनीच्या आय 2 काठ्यांना यू आकाराच्या खाचा होत्या, त्यानं म्हणे गवतातून पण बॉलला जास्त फिरकी मिळते. टूरनं ठरवलं 1990 पासून बंदी. कंपनीचा मालक कार्स्टन सोलहाइम, आधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर, गॅरेजमध्ये पटर बनवून सुरुवात केलेला माणूस, तो काय ऐकतोय. 10 कोटी डॉलरचा दावा ठोकला. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली नुकसानभरपाई तिप्पट होऊ शकते, म्हणजे 30 कोटी. टूर साफ झोपली असती. 1993 ला तडजोड झाली, बंदी गेली.
आता मजा बघा. 2010 ला नियम बदलला, धारदार खाचांवर सगळीकडे बंदी आली. पण जुन्या खटल्यांच्या तडजोडीमुळे एप्रिल 1990 च्या आधी बनलेल्या पिंग आय 2 तेवढ्या चालत होत्या! फिल मिकलसननं 20 वर्षांची जुनी वेज (जवळून बॉल उंच उचलायची काठी) माळ्यावरून काढावी तशी काढली आणि खेळला. एक खेळाडू त्याला चीटिंग म्हणाला आणि मग त्यालाच माफी मागावी लागली. तडजोडीचा कागद नीट वाचावा तो असा.

मुळशीकर
एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. गोल्फ म्हणजे शेवटी श्रीमंतांचा खेळ, पाणी पिणारी हिरवळ. त्यात काळ्या लोकांना क्लबात घेत नव्हते म्हणे. तेव्हा हा कमिशनर काय करत होता?

निवृत्त_बँकर
प्रश्न रास्त आहे. बरीच वर्षं काही करत नव्हता, हेच उत्तर. 1990 ला अलाबामातल्या शोल क्रीक क्लबवरून बोंब झाली, तिथं पीजीए चॅम्पियनशिप होती आणि क्लबात एकही काळा सभासद नव्हता. ती स्पर्धा टूरची नव्हती, पीजीए ऑफ अमेरिकेची होती, पण जाहिरातदार पळायला लागल्यावर बीमननं नियम केला की भेदभाव करणाऱ्या क्लबात आमची स्पर्धा होणार नाही. सायप्रस पॉइंटसारखा देखणा कोर्स त्यापायी पेबल बीचच्या स्पर्धेतून बाहेर पडला. उशिरा केलं. पण केल्यावर मोठ्या क्लबाचं तोंड बघितलं नाही.

मुळशीकर
जाहिरातदार पळाले म्हणून केलं. ठीक आहे, नोंद घेतली.

खडकवासला_एक्सप्रेस
तुम्ही सगळे 1990 मध्ये अडकलात. आजचं बोला. भाचा 18 वर्षांचा आहे, त्याला जे मॅनहन नावाचा कमिशनर माहिती पाहिजे. बीमननंतर टिम फिंचम आला, 1994 ते 2016, हा वकील, आधी कार्टरच्या काळात व्हाइट हाउसमध्ये काम केलेला. आल्या आल्या ग्रेग नॉर्मननं वर्ल्ड टूरची घोषणा केली, त्यानं ती मोडून काढली. फेडएक्स कप (वर्षभराच्या गुणांवरचं बक्षीस) वगैरे त्याचंच, 2007. मग 2017 पासून मॅनहन. हा ना मोठा खेळाडू ना वकील. स्पोर्ट मॅनेजमेंटची मास्टर्स डिग्री, स्पर्धेचा डायरेक्टर, प्रायोजक आणायचं काम, 2008 ला टूरमध्ये आला तो प्लेयर्स स्पर्धा सांभाळायला आणि चढत चढत वर. म्हणजे भाचा ज्या रस्त्यानं जायचं म्हणतोय तो हा रस्ता.
आणि त्याचं काय झालं बघा. 2022 ला सौदीच्या पैशावर लिव्ह गोल्फ ही टूरची प्रतिस्पर्धी मालिका सुरू, चालवणारा कोण तर तोच नॉर्मन, 28 वर्षांनी. मॅनहननं तिकडे गेलेल्यांना सस्पेंड केलं, टीव्हीवर 9/11 च्या कुटुंबांचा विषय काढला, खेळाडूंना निष्ठा शिकवली. काही जणांनी त्याचं ऐकून प्रचंड पैसे नाकारले. आणि 6 जून 2023 ला हाच माणूस टीव्हीवर सौदी फंडाच्या प्रमुखाशेजारी बसून म्हणतो आमचं जमलं! खेळाडूंना ट्विटरवरून कळलं. आठवड्याभरात तब्येतीच्या कारणानं रजेवर.

चहाटळ
पहाटेचा शपथविधी होता की काय हा.

सदाशिव_पेठी_नाही
चहाटळ, राजकारण नको. (पण होताच.)

टी_टाइम
यात आपला माणूस पण आहे. अनिर्बान लाहिरी, जन्म पुण्याचा, वडील आर्मीत डॉक्टर. 2022 ची प्लेयर्स तो एका स्ट्रोकनं हुकला, दुसरा आला आणि 21 लाखांवर डॉलर घेऊन गेला, आयुष्यातला सगळ्यात मोठा चेक. जिंकला कॅमेरॉन स्मिथ. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी दोघंही लिव्हला गेले. त्यांना शिव्या देणाऱ्यांनी नंतर मॅनहनकडे बघून काय म्हणायचं ते ठरवा.

फ्लोरिडाची_माई
ती स्पर्धा पावसानं सोमवारपर्यंत लांबली होती, माझे बूट पार वाया गेले. लाहिरीला मी "कम ऑन" म्हणाले, मराठीत ओरडायचं होतं पण व्हॉलंटियरला ओरडायची परवानगी नाही.
मॅनहनबद्दल एवढंच, 2020 ला कोविडमुळे पहिल्या फेरीनंतर त्यानं अख्खी प्लेयर्स रद्द केली, आणि जूनमध्ये खेळ परत सुरू करून दाखवला तेव्हा इथं सगळे त्याला डोक्यावर घेत होते. तीन वर्षांत तोच माणूस नकोसा. खुर्ची तीच हो.

बेरकी
बेरीज केली तर गंमत दिसते. पहिला नियमांचा माणूस, दुसरा खेळाडू, तिसरा वकील, चौथा मार्केटिंगचा. 2025 मध्ये ब्रायन रोलॅपला आणलं, तो एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा माणूस, आणि त्याच्या दारावर कमिशनर नाही, सीईओ लिहिलंय. प्रत्येक वेळी खुर्ची मैदानापासून एक काठी लांब सरकते.

निवृत्त_बँकर
बेरकी, मान्य, पण मला ते तितकं वाईट वाटत नाही. आपल्याकडे प्रा. रत्नाकर शेट्टी रसायनशास्त्र शिकवायचे आणि क्रिकेट बोर्डाचा कारभार त्यांनी वर्षानुवर्षं बघितला. कोण येतो कुठून यापेक्षा संध्याकाळी हिशोब जुळतो का ते बघावं. प्लेयर्सचं एकट्या स्पर्धेचं बक्षीस आता अडीच कोटी डॉलर आहे, 1974 च्या अख्ख्या टूरच्या तिप्पट.

बेरकी
आणि कॅडीला किती ते पण बघावं काका.

निवृत्त_बँकर
ते तुम्ही म्हणता ते खरं आहे.

वकीलीणबाई
मूळ प्रश्नाला उत्तर द्यायचं तर, पिंपळपान, भाच्याला म्हणावं अमेरिकेची डिग्री नंतर बघ. आपल्याकडे पीजीटीआय (भारतातल्या प्रो गोल्फची संघटना) 2006 पासून टूर चालवतेय, 2024 पासून कपिल देव अध्यक्ष आहेत. एखादी स्पर्धा पुण्यात-मुंबईत असेल तिथं आठवडाभर पडेल ते काम कर, स्कोअर लिही, दोऱ्या बांध. आणि करार वाचायला शीक. खाचा आठव.

मुळशीकर
आणि पाण्याचं काय करणार ते पण विचारा त्याला. इकडे मार्चनंतर टँकर असतो.

पिंपळपान
मंडळी, भाच्यानं काल रात्री बसून अख्खा धागा वाचला. बेरकींच्या बाबांचा प्रतिसाद त्यानं ताईला मोठ्यानं वाचून दाखवला. वकीलीणबाई, स्पर्धेच्या कामासाठी अर्ज करतोय, दाजींनी ओळख लावून देतो म्हटलं तर नको म्हणाला. मुळशीकर, पाण्याचा प्रश्न त्याला आवडला नाही, म्हणजे त्याच्याकडे उत्तर नाहीये.
त्यानं बीमनबद्दल काही विचारलंच नाही. एकच प्रश्न आहे आणि तो माईंना आहे. 17 नंबरच्या तळ्यात वर्षाला लाखभर बॉल पडतात असं त्यानं कुठंतरी वाचलंय. मामा, ते काढायचं कंत्राट कोणाकडे असतं?

फ्लोरिडाची_माई
पाणबुडे उतरताना बघितलेत, कंत्राटाचं माहिती नाही. मार्चमध्ये ड्यूटी आहे तेव्हा विचारते. मगरी असतात म्हणावं तिथं.